फाटलेला सर्फबोर्ड फेकून देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ताईंचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर चालताना पायाला थर्माकोलचे पांढरे दाणे चिकटतात, एका ठिकाणी तर सुरूच्या झाडांखाली मोडके सर्फबोर्ड टाकून दिलेले दिसले, तेव्हा हे सर्फिंगचं फॅड बंदच करून टाका. वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू, आमच्या होमस्टेवर चार बोर्ड आहेत आणि सीझनला त्याच्यावर मुलाचा आणि पुतण्याचा खर्च सुटतो. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा गप्प बसलो, कारण त्या सुरूंखाली एक निळा बोर्ड दोन वर्षांमागे मी स्वतः नेऊन टाकला होता. कचऱ्याची गाडी घेईना, घरात ठेवायला जागा नाही, म्हटलं राहू दे तिथे, कोणीतरी नेईल. कोणी नेला नाही. उन्हाने वरची कातडी सुटली आणि आतलं सगळं वाऱ्यावर गेलं. ताईंच्या पायाला लागले त्यात माझेही दाणे असणार, त्याबद्दल आधी माफी मागतो.

पण हे पत्र माफीपुरतं नाही. त्या निळ्या बोर्डला जे झालं होतं ते म्हणजे कडेला एक बोटभर चीर, बस. ती मला नीट बुजवता आली नाही, उलट मी आणि माझ्या माणसांनी मिळून तिचं भगदाड केलं. आता येतं. आणि आजूबाजूला बघतो तर सगळे तेच करतायत जे मी केलं, म्हणून सविस्तर लिहितोय, जागा असेल तर छापा, काटछाट करायची तर माझी रडकथा कापा पण गोंदाचा भाग ठेवा.

मी मूळचा इथलाच पण ऐन उमेदीची वीसेक वर्षं लालबागला काढली. दिवसा छापखान्यात नोकरी आणि श्रावण लागला की रात्री चाळीच्या गच्चीवर थर्माकोलची मखरं. गरम तारेने कापायचो, शेवयांसारख्या पट्ट्या निघायच्या, महिरपी, खांब, कळस, काय हवं ते. तेव्हा आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की थर्माकोलला फेविकॉल चालतो, पोस्टर कलर चालतो, डिस्टेंपर चालतो, पण ऑइलपेंट लावला की खड्डे पडतात, स्प्रे मारला की संपलंच, आणि चपलेचं पिवळं सोल्युशन लावलं तर खांब आतून पोकळ होऊन आरतीच्या वेळी मान टाकतो. पुढे २०१८ मध्ये सरकारने थर्माकोलच्या मखरांवर बंदी आणली, तोवर मी तो धंदा सोडून गावाला आलेलो. बंदी योग्यच होती असं आता वाटतं, तेव्हा नव्हतं वाटलं, ते असो.

तर एवढी हयात थर्माकोलात घालवलेला माणूस, पण सर्फबोर्ड हातात आला तेव्हा माझी ट्यूब पेटली नाही. मुलगा कर्नाटकात मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकून आला आणि येताना गोव्यात कोणाकडून तरी सीझन संपल्यावर विकायला काढलेले बोर्ड घेऊन आला. वरून बघाल तर योगा मॅटसारखा मऊ, खालून बघाल तर प्लास्टिकच्या टबासारखा गुळगुळीत. आत काय आहे ते विकणाऱ्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं आत कसलंतरी परदेशी रबर असणार.

पहिल्याच मे महिन्यात एका पाहुण्याने बोर्ड खांद्यावरून नेताना जांभ्याच्या गडग्याला घासला आणि कडेला चीर पडली. पुतण्या हुशार, त्याने दुकानातून ती दहा रुपयाची झटपट चिकटणारी ट्यूब आणली आणि ओतली चिरेत. डोळ्याला झोंबणारा वास आला आणि बघता बघता चिरेच्या जागी सुपारीएवढा खळगा. मी चष्मा लावून आत डोकावलो तर आत पांढरे दाणे. अरे, हे तर आपलं मखर! इतकं हसू आलं आणि इतका राग आला, दोन्ही एकदम.

तिथेच थांबलो असतो तर निळा बोर्ड आजही पाण्यात असता. पण मला वाटलं ह्याला चांगलं पक्कं काम करून घेऊ, म्हणून होड्यांना फायबर मारणारा एक ओळखीचा आहे त्याच्याकडे नेला. माणूस कामाला सोन्यासारखा, बंदरातल्या अर्ध्या होड्यांची बुडं त्याच्या हातची. त्याने खळगा साफ केला, फायबरची मॅट कापली, रेझिन म्हणजे तो पातळ गोंद घेतला, तो घट्ट व्हायला हार्डनर टाकला आणि मारलं. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत ताटाएवढी जागा आत बसली होती. तो बघतच राहिला, म्हणाला, "ह्या भुतूर इरघळला मरे! होडयेक चलता, मगे हेका कित्या नाय?" त्याने पैसे घेतले नाहीत. चूक त्याची नव्हतीच, त्याच्यासमोर आयुष्यात कोणी थर्माकोलची होडी आणून ठेवली नव्हती.

का विरघळलं ते नंतर कळलं, आणि हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. होडीला मारतात ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात स्टायरिन नावाचा द्रव असतो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, बनतो स्टायरिनपासूनच, म्हणजे त्याला त्याच्याच आईच्या कुशीत परत पाठवल्यासारखं झालं, विरघळणारच. चपलेच्या सोल्युशनमध्ये, थिनरमध्ये, पेट्रोलमध्ये, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये जे असतं तेही थर्माकोल खातं. ज्याला खात नाही ते इपॉक्सी, आपल्याकडे ॲराल्डाइट म्हणून दोन ट्यूबची जोडी मिळते तेच. जे मोठे सर्फर कडक काचेसारखे बोर्ड वापरतात त्यातही हाच हिशोब असतो, आत पॉलियुरेथेन फोम असेल तर पॉलिएस्टर चालतं, आत थर्माकोल असेल तर इपॉक्सीच.

आता बोर्ड आतून कसा असतो ते सांगतो. ह्याला कोणी सॉफ्ट टॉप म्हणतं, कोणी फोमी. नवशिक्याला हाच देतात कारण डोक्यावर आपटला तरी सहसा खोक पडत नाही आणि जाडजूड असल्यामुळे तरंगतो भरपूर. आमचे आठ फुटी आहेत. मध्ये थर्माकोलचा गाभा, त्यात लांबीने दोन-तीन लाकडी पट्ट्या घातलेल्या, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, घराला जसं आढं तसे ते. वर चार-पाच मिलिमीटर जाडीचा मऊ फोम आणि पोटाला कडक गुळगुळीत प्लास्टिक, ते पॉलिथिन, तेलाचा कॅन असतो त्या जातीचं. शेपटीकडे फिनचे स्क्रू आणि लीशचा प्लग, फिन म्हणजे पोटाखालचा माशासारखा पर आणि लीश म्हणजे पायाला बांधायची दोरी.

थर्माकोलचा एकेक दाणा पाणी पीत नाही, म्हणून लोक म्हणतात थर्माकोलला पाण्याने काय होतंय. पण बुंदीचा लाडू आठवा. बुंदी बुंदीच्या मधे फट असते ना, तसंच ह्यात दाण्या-दाण्यांच्या मधे फट असते आणि पाणी तिथे जाऊन बसतं. चिरेवर पाय पडला की आतली हवा बाहेर, पाय उचलला की तेवढं पाणी आत, बोर्ड स्वतःच पंप मारत राहतो. एक सीझन असा काढला की बोर्ड जड होतो, लाटेवर उठायला मागत नाही, आतली लाकडी पट्टी कुजायला लागते, आणि मग कोणीतरी तो तसाच उन्हात टाकतो, आतली हवा आणि वाफ फुगते आणि वरचा फोम पुरीसारखा टम्म सुटतो. तेव्हा मालक म्हणतो बोर्ड बाद झाला. बाद तो दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो, ज्या दिवशी चीर दिसली आणि आपण म्हटलं एवढा वीकेंड काढू मग बघू. आमच्याकडे वीकेंड कधी संपतच नाही हो, शुक्रवारपासून पुण्याच्या गाड्या यायला लागतात.

म्हणून आता घरात नियम केलाय, चीर दिसली की बोर्ड त्याच क्षणी पाण्याबाहेर, पाहुणा कितीही रुसला तरी. गोड्या पाण्याने पुसायचा, सुका करायचा, आणि त्या दिवसापुरती तात्पुरती पट्टी. कापडी टेप चालतो पण खाली ओल नको, आणि एक युक्ती सांगतो, टेपचे चारही कोपरे कात्रीने गोल कापायचे. टोकदार कोपरा पहिला सुटतो आणि त्याच्यामागे अख्खी पट्टी येते.

चीर कुठे आहे तेच कळत नसेल तर पंक्चरवाल्याची पद्धत. आठ फुटी बोर्ड बुडवायला टब कुठून आणणार, म्हणून साबणाचा फेस ब्रशने लावायचा आणि शेजारी तळव्याने दाबायचं, बुडबुडा आला की सापडली. फिनच्या स्क्रूभोवती आणि लीशच्या प्लगभोवती आधी बघा, आमच्या चारातल्या दोन बोर्डांना पाणी तिथून जात होतं आणि आम्ही उगाच कडा तपासत बसलो होतो. स्क्रूखाली नळाचा रबरी वायसर टाकला, हाताने बसेल एवढाच आवळला, काम झालं. पान्याने पिळून आवळू नका, प्लास्टिक दबून तिथेच नवीन चीर पडते. आत पाणी आहे का ते बघायला सर्फर पोरं चिरेला तोंड लावून ओढतात, खारट लागलं तर पाणी आहे. माझी बायको हे बघून काय बोलली ते पेपरात छापण्यासारखं नाही. मी त्यापेक्षा मासळीचा लटकवायचा काटा वापरतो. बोर्ड सुका असतानाच त्याचं वजन करून भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं, नंतर कधीही शंका आली की काट्याला लावायचा, जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी.

सुकवणे हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि सगळे इथेच घाई करतात. चीर खाली येईल असा बोर्ड सावलीत टांगायचा, पंखा लावता आला तर उत्तम. आठवडा तर धराच, कधी तीन-तीन आठवडे लागतात. चिरेला जुन्या सुती धोतराची चिंधी लावून ठेवायची आणि रोज हात लावून बघायची, लागोपाठ दोन-तीन दिवस कोरडी राहिली की समजायचं. पावसाळ्यात हे करण्यात अर्थ नाही, आमच्याकडे आषाढात मीठसुद्धा बरणीत पाणी होतं तिथे बोर्ड काय सुकणार. ऊन लागलं की लवकर सुकेल असं वाटतं आणि तोच मोह टाळायचा. मे महिन्यात गाडीच्या टपावर किंवा पत्र्यावर बोर्ड ठेवलात तर चिरेचं राहिलं बाजूला, वरचा फोमच गाभ्यापासून सुटेल. आमच्याकडे म्हातारी म्हणाली चुलीवरच्या माळ्यावर टाक, तिथे सगळं सुकतं. तिला हात जोडले. थर्माकोल शंभर डिग्रीच्या आतच मऊ पडतो आणि ठिणगी लागली तर धडाधड पेटतो, चूल आणि बोर्ड ह्यांची गाठ नको.

सुकला की मग गोंद. आधी चिरेभोवतीचं वॅक्स काढा. हे वॅक्स पाय सरकू नये म्हणून पोरं वर घासतात आणि त्याच्यावर कुठलाच गोंद धरत नाही. करवंटीच्या कडेने खरवडलं की छान निघतं, उरलेलं मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसायचं. स्पिरिट थर्माकोलला काही करत नाही, थिनर मात्र घरात असेल तर आधी कुलपात ठेवा, पोरांचा हात तिकडेच जातो. चिरेच्या फाटक्या कडा कटरने नीट कापून घ्यायच्या, जीव वर-खाली होतो पण कापा, लोंबणारी कातडी ठेवलीत तर खाली पोकळी राहते. वरच्या फोमलाच काप गेला असेल आणि पांढरे दाणे दिसत नसतील तर फारच बरं, तिथे सोल्युशनसुद्धा चालतं. दोन्ही कडांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून टाकायचं. ओलं असताना दाबलंत तर ते आत झिरपून दाण्यांपर्यंत जातं, तेवढं सांभाळा.

दाणे दिसतायत तिथे मात्र ॲराल्डाइट. ते पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, हात जागेवर येईपर्यंत घट्ट होतं आणि पाण्यात टिकायलाही कमी. साधं रात्रभर लागणारं घ्या. दोन्ही ट्यूबमधून सारखं काढून नीट दोन मिनिटं घोटायचं, अर्धवट घोटलेलं कधीच सुकत नाही, चिकटच राहतं. आणि थोडं थोडं घ्या. हे मी ठेच लागून शिकलो. एकदा खळगा मोठा होता म्हणून अख्खी जोडी एकदम कालवून ओतली, तर इपॉक्सी सुकताना स्वतःच तापतं, गोळा जेवढा मोठा तेवढं जास्त तापतं, वाटी हाताला चटका देण्याइतकी गरम झाली आणि खालचं थर्माकोल आतून आक्रसलं. म्हणजे न खाणाऱ्या गोंदानेही मी बोर्ड खाऊन दाखवला. मोठा खळगा असेल तर आधी थर्माकोलचाच तुकडा मापाने कापून बसवायचा, फ्रिजच्या खोक्यातला चालतो, आणि गोंद फक्त मधल्या फटीत आणि वरून पातळसा. माझ्याकडे मखराच्या वेळची गरम तार अजून आहे, तिने तुकडा असा बसतो की फट शोधावी लागते, पण तुमचं कटरने भागेल.

ह्याच्यावर मऊ काहीतरी लागतंच. नुसतं ॲराल्डाइट किंवा एमसील वर ठेवलंत तर ते दगडासारखं होतं, भोवतालचा फोम मऊ, पाय पडला की फोम दबतो आणि हे दबत नाही, मग कडेने भेग जाते आणि पुन्हा पाणी. शिवाय पाहुण्याच्या पोटाला घासतं, आमच्याकडे एका मुलीच्या कोपराचं साल निघालं होतं. म्हणून कडक भाग आत आणि वर मऊ ठिगळ. जुनी योगा मॅट किंवा लहान मुलांची ती रंगीत कोड्यासारखी जोडायची मॅट असते ना, तिचा गोल तुकडा घ्यायचा, चिरेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. आता खालचे दाणे इपॉक्सीने झाकलेत म्हणून वरून सोल्युशन चालतं, क्रम उलटा केलात तर पुन्हा पहिले पाढे. पातळ लावा, सुकू द्या, दाबा, वर वाळूची पिशवी ठेवून झोपून जा. वाळूला आमच्याकडे तोटा नाही.

सिलिकॉनचं काय, असं बरेच जण विचारतात, ते बाथरूमच्या फटीत भरतात ते. मी म्हणेन नको. लवकर सुटतं, आणि एकदा का ते लागलं की त्या जागी नंतर दुसरं काहीच धरत नाही, पुसलं तरी धरत नाही. आणि मखराचा पांढरा फेविकॉल थर्माकोलला अगदी मायेने धरतो पण रोज समुद्रात बुडवल्यावर पुन्हा दूध होतो, त्यामुळे तोही बाद.

पोटाकडची चीर ही खरी डोकेदुखी. तिथलं प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन आणि त्याला गोंद लागतच नाही, तेलाच्या कॅनवर लेबल कसं सहज सोललं जातं तसं. काही जण सोल्डरिंगच्या आयर्नने त्याच प्लास्टिकचा तुकडा वितळवून बसवतात. मी करून बघितलं, एकदा जमलं, एकदा खाली थर्माकोलचं पाणी झालं, कारण प्लास्टिक वितळायला जेवढी उष्णता लागते त्याच्या कितीतरी आधी खालचा गाभा जातो. माझं मत विचाराल तर पोटाला हौस नको. पावसाळ्यात पत्रा गळतो तेव्हा आपण तो चंदेरी टेप लावतो ना, मागे काळा डिंकासारखा चिकट थर असलेला, तो लावा. तो थर ब्यूटाइल रबराचा असतो आणि पॉलिथिनला बऱ्यापैकी धरतो. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जागा खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, टेप लावून चमच्याच्या पाठीने कडा घासून बसवा. सीझनला एकदा बदलावा लागतो. दिसतो ठिगळासारखा, पण लाट खालून बघत नाही.

वरचा फोम पुरीसारखा सुटला असेल आणि पुरी तळहाताएवढीच असेल तर तीही बसते. कडेला बारीक काप देऊन, आत पाणी नाही ना बघून, इंजेक्शनच्या सिरिंजने इपॉक्सी सोडायचं, तळव्याने पसरवायचं आणि वर वजन. अर्धा बोर्डच सुटला असेल तर नाद सोडा.

आणि आडवी घडी पडली असेल तर मात्र खरंच नाद सोडा, ह्या बाबतीत मी कडक आहे. बोर्ड दोन स्टुलांवर ठेवून मध्ये हाताने दाबा, आत कटकट वाजलं किंवा बोर्ड मध्येच वाकला तर आतली पट्टी गेली. वरून कितीही छान ठिगळ मारलं तरी तो लाटेत कोणाच्या तरी खाली दोन तुकडे होणार, आणि आपल्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांना पोहता येत नाही. असा बोर्ड पाहुण्याला द्यायचा नाही. पण सुरूखालीही न्यायचा नाही. आम्ही आता तो कापून ठेवतो, गाभ्याचे तुकडे दुसऱ्या बोर्डांच्या खळग्यांना, वरचा फोम ठिगळांना, पोटाचं प्लास्टिक शेजाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याला मागून नेलं. कापताना मात्र खाली चादर अंथरा, आणि वाऱ्याच्या दिवशी कापू नका. एकदा दाणे अंगणभर झाले की ते गोळा करणं म्हणजे मुंग्या मोजणं.

जाता जाता एक मजा सांगतो, मुलाने सांगितलेली. पोटावर झोपून लाट घ्यायचा तो छोटा बूगी बोर्ड असतो ना, तो अमेरिकेतल्या टॉम मोरी नावाच्या माणसाने १९७१ साली हवाईमध्ये घरच्या घरी केला. फोमचा तुकडा कापला आणि घरातल्या इस्त्रीने त्याची बाजू गुळगुळीत केली, इस्त्रीला फोम चिकटू नये म्हणून मध्ये पेपर ठेवला, होनोलुलूचा रोजचा पेपर. मी छापखान्यातला माणूस, मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे ह्या धंद्याच्या मुळाशीच एक घरगुती जुगाड आहे आणि एक वर्तमानपत्र आहे. मात्र आपल्या बोर्डवर इस्त्री करू नका, त्याचा फोम वेगळा होता, आपल्या फोमखाली थर्माकोल आहे.

आता विनंती. बोर्ड विकणाऱ्यांनी, मग ते मोठं दुकान असो की गोव्यातला जुने बोर्ड काढणारा कोणी असो, बोर्डच्या शेपटीवर एवढंच लिहावं की आत थर्माकोल आहे, सोल्युशन आणि होडीचं रेझिन लावू नये. एका ओळीचं काम आहे. ती ओळ असती तर फायबरवाल्याने निळ्या बोर्डला हातही लावला नसता. आणि ज्या होमस्टेवाल्यांचे बोर्ड पडवीत फुटके पडलेत त्यांनी ते टाकू नयेत, दसऱ्याच्या आत सुकवायला टांगले तर दिवाळीच्या गर्दीला कामी येतील. सगळं मिळून खर्च आमच्याकडे एका बोर्डला तीनशेच्या आतच बसतो, नवीन बोर्डचा आकडा तुम्हाला माहीतच आहे. आमच्या वाडीत कोणाला जमत नसेल तर माझ्याकडे आणा, चहापाण्यावर करून देतो, पण ओला बोर्ड घेऊन "उद्या ग्रुप येतोय" म्हणत दारात उभं राहू नका.

त्या ताईंना एवढंच सांगायचंय की त्यांचं पत्र वाचून मुलगा, पुतण्या आणि मी पोतं घेऊन सुरूत गेलो होतो. निळ्याचं काही उरलं नव्हतं, एक फिन आणि लीशचा प्लग सापडला. पण शेजारी एक पिवळा पडला होता, कोणाचा ते माहीत नाही, कडेला वीतभर चीर, पोट चांगलं, वाकत नाही. घरी आणला. आमचा त्याच मापाचा सुका बोर्ड ५ किलो ५५० ग्रॅम भरतो, हा त्या दिवशी ७ किलोच्या वर होता. गणपतीआधीपासून पडवीत टांगलाय, खाली तपेलं ठेवलंय. काल संध्याकाळी काट्याला लावला, ६ किलो २००. अजून साडेसहाशे ग्रॅम पाणी आहे आत.

आपला,
एक होमस्टेवाला वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग